मांडीवरचं लेकरू आणि समोरची एअरबॅग : कारची पुढची सीट लहान मुलांसाठी का नाही?

लग्नसराई असो, शेगावची वारी असो की मामाच्या गावाला जाणं असो, कारमध्ये बसताना घराघरांत एकच गोष्ट घडते. सगळ्यात लहान लेकरू पुढं येतं. कधी आईच्या मांडीवर, कधी आजोबांच्या, तर कधी ड्रायव्हर असलेल्या बापाच्याच पुढ्यात. "त्याला समोरचं दिसू दे, मागं रडतं ते," असं म्हणून गाडी निघते. यात कोणाचाच वाईट हेतू नसतो. लाडच असतो.

पण गेल्या चार-पाच वर्षांत गाड्या बदलल्या आहेत. जुन्या गाडीत पुढच्या सीटसमोर नुसता डॅशबोर्ड होता. आता त्या डॅशबोर्डच्या आत एअरबॅग आहे. मोठ्या माणसाचा जीव वाचवणारी ही पिशवी पुढं बसलेल्या लहान मुलासाठी जीवघेणी ठरू शकते. ही गोष्ट गाडी विकणारा क्वचितच सांगतो, आणि विकत घेणारा तर विचारतच नाही.

दोन घटना, जागा तीच

डिसेंबर २०२४ मध्ये नवी मुंबईत वाशीला एका सहा वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. मुलगा कारमध्ये पुढच्या सीटवर होता, गाडी वडील चालवत होते. पुढं चाललेली एसयूव्ही दुभाजकाला धडकली, तिचा मागचा भाग उचलला गेला आणि या कारच्या बोनेटवर येऊन आदळला. एअरबॅग उघडली. मुलाच्या अंगावर बाहेरून मोठी जखम दिसत नव्हती, मार आतून बसला होता.

त्याच वर्षी काही महिने आधी केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात कोट्टक्कलजवळ कार आणि टँकरची धडक झाली. दोन वर्षांची मुलगी पुढच्या सीटवर आईच्या मांडीवर होती. एअरबॅग उघडली आणि ती मुलगी दगावली. गाडीतल्या बाकीच्यांना किरकोळ जखमा झाल्या.

दोन्ही घटनांत गाडीतली मोठी माणसं वाचली आणि लेकरू गेलं. दोन्ही ठिकाणी लेकराची जागा एकच होती : ड्रायव्हरशेजारची सीट.

एअरबॅग उघडते म्हणजे नेमकं काय होतं?

एअरबॅग म्हणजे मऊ उशी, अशी बऱ्याच जणांची समजूत आहे. फुगून झाल्यावर ती उशीसारखी असते हे खरं. पण फुगताना तिचं काम स्फोटासारखं चालतं. धडक बसली की सेन्सर इशारा देतो, आत वायू तयार होतो आणि एका सेकंदाच्या विसाव्या भागाच्याही आत पिशवी बाहेर येते. त्या वेळी तिचा वेग ताशी दोनशे ते तीनशे किलोमीटरच्या घरात असतो. डोळ्याची पापणी लवायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो.

एवढा वेग लागतोच, कारण माणूस पुढं जाऊन आदळायच्या आत पिशवी फुगलेली असावी लागते. बेल्ट लावलेला मोठा माणूस सीटला टेकून असतो. त्याच्या छातीत आणि पिशवीत अंतर असतं. पिशवी पूर्ण फुगते आणि मग माणूस तिच्यावर येऊन टेकतो. हे अंतर किमान २५ सेंटिमीटर, म्हणजे एका वितीपेक्षा थोडं जास्त असावं, असं ड्रायव्हरलाही सांगितलं जातं.

लहान मुलाचं गणित वेगळं आहे. ते मांडीवर असेल तर आधीच डॅशबोर्डच्या जवळ असतं. उभं असेल तर आणखी जवळ. शिवाय धडक होण्याआधी ड्रायव्हर जोरात ब्रेक मारतो. बेल्ट नसलेलं मूल त्या ब्रेकनंच पुढं सरकतं. म्हणजे पिशवी बाहेर पडते तेव्हा त्याचं डोकं, मान किंवा छाती अगदी तिच्या तोंडाशी असते. मोठ्या माणसाच्या छातीला जो दणका बसायचा, तो मुलाच्या मानेवर आणि चेहऱ्यावर बसतो. लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानानं जड असतं आणि मान कच्ची असते. तिथंच घात होतो.

"मी घट्ट धरलंय ना!"

यावर घरात ठरलेलं उत्तर असतं : "मांडीवर घट्ट धरून बसते की." याचा साधा हिशेब करून पाहू.

मूल दहा किलोचं आहे, गाडी ताशी ५० किलोमीटरनं चालली आहे आणि धडकून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, असं धरा. त्या क्षणी ते मूल हातातून सुटू नये म्हणून जो जोर लागतो, तो साधारण १४० किलो वजन पेलण्याइतका असतो. म्हणजे पन्नास किलोची जवळपास तीन पोती, तीही अचानक, तयारी नसताना. हमालालासुद्धा ते जमणार नाही. आईची माया कितीही मोठी असली तरी हाताची ताकद तेवढी नसते.

दुसऱ्या बाजूनं बघा. ताशी ५० च्या वेगानं आदळणं म्हणजे जवळपास दहा मीटर उंचीवरून, तिसऱ्या मजल्यावरून खाली पडण्यासारखं आहे. बेल्ट न लावलेली मोठी व्यक्ती मागून पुढं फेकली गेली आणि मध्ये मांडीवरचं मूल असेल, तर एअरबॅग नसलेल्या गाडीतही मूल त्या माणसाच्या आणि डॅशबोर्डच्या मध्ये चेंगरतं. म्हणून "आमची गाडी जुनी आहे, तिला एअरबॅगच नाही," ही सबबसुद्धा चालत नाही.

आईनं स्वतःचा बेल्ट मुलालाही गुंडाळून घेणं तर आणखी वाईट. धडकेत आईचं सगळं वजन त्या मुलावर येतं.

हा प्रश्न आपल्याकडं आताच का आला?

याची तीन कारणं आहेत.

पहिलं कारण नियमाचं. नव्या कारमध्ये ड्रायव्हरची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. शेजारच्या सीटची एअरबॅग आधी नव्या मॉडेलना आणि मग २०२१ संपता संपता बाजारात आधीपासून असलेल्या मॉडेलनाही लागू झाली. म्हणजे जानेवारी २०२२ नंतर बनलेली कार असेल तर पुढच्या दोन्ही सीटसमोर एअरबॅग आहेच. याच गाड्या आता सेकंडहँड बाजारात येऊ लागल्यात आणि गावागावांत पोचतायत. ज्यांनी पहिली एअरबॅगवाली गाडी आता घेतली, त्यांच्या बसण्याच्या सवयी मात्र जुन्या गाडीच्याच आहेत.

दुसरं कारण रस्त्याचं. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा या तालुक्यांतली माणसं थेट ताशी १२० च्या रस्त्यावर आली. गावच्या रस्त्यावर ४०-५० नं चालणारी गाडी तिथं १२० नं पळते. वेग ५० वरून १२० झाला म्हणजे सव्वादोन पटीहून थोडा जास्त वाढला, पण धडकेतली ऊर्जा जवळपास सहा पट होते. बसायची पद्धत मात्र तीच राहिली : लेकरू मांडीवर.

तिसरं कारण माणसांचं. पाच जणांच्या गाडीत सात-आठ जण बसतात. मागं जागा उरत नाही, मग लहान मूल पुढं येतं. काही ठिकाणी शाळेच्या व्हॅनमध्येही ड्रायव्हरशेजारी दोन-तीन पोरं दाटीवाटीनं बसवली जातात. तिथं तर बेल्टचा विषयच नसतो.

अमेरिकेनं हे तीस वर्षांपूर्वी भोगलंय

आपल्याकडं ही घटना नवी वाटते, पण जगासाठी नवी नाही. अमेरिकेत १९९० च्या दशकात एअरबॅग मोठ्या प्रमाणात आल्या आणि कमी वेगाच्या धडकेतही मुलं दगावू लागली. तिथल्या सरकारी रस्ता सुरक्षा यंत्रणेच्या हिशेबानुसार १९९० ते २००८ या काळात कमी वेगाच्या अपघातांत समोरची एअरबॅग उघडल्यामुळं २९० हून जास्त मृत्यू झाले. त्यातले बहुतेक ड्रायव्हर नव्हते, शेजारी बसलेले प्रवासी होते आणि अशा प्रवाशांपैकी ९० टक्क्यांहून जास्त लहान मुलं होती. बहुतेक मुलांना बेल्ट नव्हता, किंवा तान्ह्या बाळाची मागं तोंड असलेली सीट एअरबॅगसमोर लावलेली होती.

मग तिथं दोन्ही बाजूंनी काम झालं. १९९८ च्या मॉडेलपासून एअरबॅगचा जोर कमी केला गेला. पुढच्या काळात सीटवर किती वजनाचं माणूस बसलंय हे ओळखणारे सेन्सर आले. त्याच वेळी घराघरांत एकच निरोप पोचवला गेला : मुलं मागच्या सीटवर. तेरा वर्षांखालचं मूल मागंच बसवा, असं तिथं आजही सांगितलं जातं. वर दिलेल्या मृत्यूंपैकी जवळपास ९० टक्के १९९८ च्या आधी बनलेल्या गाड्यांतले आहेत.

आपल्याकडं एअरबॅग सक्तीनं आली, पण तो निरोप तेवढ्या जोरानं आला नाही. वजन ओळखणारा सेन्सर तर आपल्याकडच्या सगळ्याच गाड्यांत आहे असं धरून चालू नका.

कायदा आहे, पण अर्धाच कळतो

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १९४-ब आलं. १४ वर्षांखालच्या मुलाला सेफ्टी बेल्ट किंवा मुलांसाठीच्या सुरक्षा सीटनं बांधलेलं नसेल, तर गाडी चालवणाऱ्याला एक हजार रुपये दंड, असं हे कलम सांगतं. हेल्मेटचा दंड सगळ्यांना माहीत आहे. मुलाच्या बेल्टचा हा दंड मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे.

यात एक मोठी फट आहे. हे कलम मुलाला बांधायला सांगतं, पण पुढच्या सीटवर की मागच्या, हे सांगत नाही. सहा वर्षांच्या पोराला पुढं बसवून मोठ्या माणसाचा बेल्ट लावला की कलमाचं समाधान होतं. पण तो बेल्ट त्याच्या खांद्यावर न बसता गळ्यावर येतो, पोटावर चढतो आणि समोर एअरबॅग असतेच. म्हणजे दंड वाचला, धोका तसाच राहिला.

अंमलबजावणीची गोष्ट केरळात दिसली. मलप्पुरमच्या घटनेनंतर ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथल्या परिवहन आयुक्तांनी मुलांच्या सीटची सक्ती आणि दंडाची घोषणा केली. लगेच राज्याचे परिवहन मंत्री के. बी. गणेश कुमार यांनी सक्ती नाही, फक्त जनजागृती, असं सांगून ती मागं घेतली. यात दोन्ही बाजूंना थोडं थोडं खरं आहे. ज्या तालुक्याच्या गावी बाळाची कार सीट दुकानात बघायलाही मिळत नाही, तिथं नुसता दंड लावून काय होणार? पण जनजागृती म्हणजे चौकात एक फलक, एवढ्यावर थांबलं तर तेही कामाचं नाही.

मोठ्यांची तऱ्हाही काही वेगळी नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. महागडी गाडी होती, पण ते मागच्या सीटवर बेल्टशिवाय होते. त्यानंतर काही दिवस मागच्या बेल्टची चर्चा झाली आणि विरली. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यात १६,७१५ जणांनी बेल्ट लावलेला नव्हता. बेल्टचा अलार्म बंद करायच्या क्लिपा तर सर्रास विकल्या जात होत्या. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला पाच ऑनलाइन कंपन्यांना त्या विकू नका असा आदेश द्यावा लागला. जिथं मोठी माणसं स्वतःचा बेल्ट चुकवतात, तिथं मुलाचा बेल्ट कोण बघणार, हा खरा प्रश्न आहे.

मग एअरबॅगच काढून टाकायची का?

अजिबात नाही. अशा बातम्या आल्या की "एअरबॅगच धोकादायक" असे मेसेज फिरू लागतात. बेल्ट लावलेल्या मोठ्या माणसाला एअरबॅग वाचवते. गाडीवर लिहिलेल्या "एसआरएस" या अक्षरांचा अर्थच मुळी "बेल्टच्या जोडीला मदत" असा आहे. गॅरेजमध्ये वायर तोडून एअरबॅग बंद करणं म्हणजे बाकी सगळ्यांचा जीव धोक्यात घालणं. काही गाड्यांत शेजारची एअरबॅग बंद करायचं कंपनीचंच बटण असतं. ते आहे का, ते गाडीच्या पुस्तिकेत बघा. नसेल तर स्वतः उद्योग करू नका. मुलाची जागा बदला, एअरबॅग राहू द्या.

दोन गोष्टी मात्र काढाच. पहिली, डॅशबोर्डवर एअरबॅगच्या झाकणावर चिकटवलेली मूर्ती, मोबाइल स्टँड किंवा अत्तराची बाटली. एअरबॅग उघडली की ती वस्तू गोळीसारखी तोंडावर येते. देव गाडीत जरूर ठेवा, पण त्या झाकणावर नको. दुसरी, समोर लावलेलं लोखंडी गार्ड. केंद्रानं डिसेंबर २०१७ मध्येच अशा गार्डवर कारवाई करायला राज्यांना सांगितलंय. गार्डमुळं धडकेचा इशारा सेन्सरपर्यंत नीट पोचत नाही आणि एअरबॅग वेळेवर उघडेलच याची खात्री राहत नाही.

कोणत्या वयाला काय?

तान्हं बाळ : मागच्या सीटवर, मागं तोंड असलेल्या बेबी सीटमध्ये. किमान १५ महिन्यांपर्यंत आणि सीटमध्ये मावतं तोवर तसंच ठेवणं चांगलं. ही सीट पुढं, चालू एअरबॅगसमोर कधीच लावायची नाही. पुढच्या सन-व्हायझरवर बेबी सीटचं चित्र आणि त्यावर लाल फुली असते, ती याचसाठी.

त्यापुढं साधारण चार वर्षांपर्यंत : मागच्याच सीटवर, पुढं तोंड असलेली, स्वतःचे पट्टे असलेली सीट.

त्यानंतर : बूस्टर, म्हणजे मुलाला उंच करणारी बैठक, आणि त्यावर गाडीचा तीन टोकांचा बेल्ट. बेल्ट खांद्याच्या मध्यावरून आणि खाली कमरेच्या हाडावरून गेला पाहिजे, गळ्यावरून किंवा पोटावरून नाही. उंची पाच फुटांजवळ पोचली की साधा बेल्ट नीट बसतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार मुलांसाठीच्या अशा सीटमुळं मृत्यू ६० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतात. घेताना गाडीत "आयसोफिक्स" आहे का बघा. मागच्या सीटच्या बैठकीत आणि पाठीच्या मधल्या फटीत हात घातला की लोखंडी कड्या लागतात, त्या म्हणजेच आयसोफिक्स. नसतील तर बेल्टनं बांधायची सीट मिळते. अपघातात सापडलेली जुनी सीट मात्र फुकट मिळाली तरी घेऊ नका.

नवी कार घ्यायची असेल तर ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या "भारत एनकॅप" चाचणीचे स्टार बघा. त्यात मोठ्यांसाठी वेगळे आणि मुलांसाठी वेगळे स्टार असतात. विक्रेत्याला मुलांचे स्टार किती, असं मुद्दाम विचारा.

सीट घेणं परवडत नसेल तर?

हजारो रुपयांची सीट सगळ्यांना परवडणार नाही, हे उघड आहे. पण सगळ्यात मोठा धोका टाळायला एक रुपयाही लागत नाही.

• मूल मागं, मोठा माणूस पुढं. मागं दाटी होत असेल तर पुढं जाणारा मोठाच असेल.
• बसता येणाऱ्या मुलाला मागं स्वतंत्र जागा आणि स्वतंत्र बेल्ट. एका बेल्टमध्ये दोघं नाहीत.
• सीट नसेल आणि बाळाला घेऊनच बसावं लागत असेल, तर आईनं मागं बसावं, स्वतः बेल्ट लावावा, बाळ बेल्टच्या बाहेर धरावं आणि गाडी हळू न्यावी. हा सुरक्षित उपाय नाही, पण पुढं एअरबॅगसमोर बसण्यापेक्षा बरा.
• ड्रायव्हरच्या मांडीवर मूल कधीच नाही. शेतातल्या रस्त्यावरही नाही.
• पिकअपसारख्या गाडीला मागची सीटच नसते. तिथं मूल न्यावंच लागलं तर सीट शक्य तितकी मागं सरकवा आणि मुलाला स्वतंत्र बेल्ट लावा.
• घरात दोन-तीन भावंडांची मुलं असतील तर एकच चांगली सीट मिळून घ्या. मुलं मोठी होतील तशी ती पुढं देता येते.

मोटारसायकलवाल्यांसाठीही नियम आहे. चार वर्षांखालच्या मुलाला मागं बसवताना हेल्मेट, ड्रायव्हरला बांधलेला पट्टा आणि ताशी ४० ची मर्यादा, हे फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे.

निरोप कोणी पोचवायचा?

शोरूममध्ये चावी देताना फोटो काढतात, पेढे वाटतात. त्याच वेळी पुढची सीट मुलांची नाही, हे एक वाक्य सांगायला किती वेळ लागतो? आरटीओच्या लायसन्सच्या परीक्षेत सिग्नलच्या खुणा विचारतात, हाही प्रश्न विचारता येईल. बाळंतीण दवाखान्यातून घरी निघते तो बाळाचा बहुधा पहिलाच कार प्रवास असतो आणि अनेकदा बाळ-बाळंतिणीला "आरामात" म्हणून पुढंच बसवतात. तिथं नर्स किंवा आशाताईंचा एक शब्द पोलिसाच्या पावतीपेक्षा जास्त काम करेल. शाळेनं व्हॅनवाल्याला ड्रायव्हरशेजारी पोरं बसवू नका, असं एकदा लेखी द्यावं.

हे सगळं होईल तेव्हा होईल. घरातली गाडी मात्र आज संध्याकाळीही निघणार आहे. डॅशबोर्डवर शेजारच्या सीटसमोर "एसआरएस एअरबॅग" ही अक्षरं आहेत का, एवढं जाऊन बघा. असोत वा नसोत, लेकराची जागा मागंच. ते पहिले दोन दिवस रडेल, हट्ट करेल, मग सवय होईल.